'चूक झाली' असं म्हणायचं नाही

सकाळी मॅडम, म्हणजे माझ्या जुन्या बॉस, गेल्याचं कळलं तेव्हा मी रडले नाही. वय झालं होतं, आजारपण लांबलं होतं, मनाची तयारी होती. दुपारी त्यांनीच काढलेल्या जनसंपर्क एजन्सीच्या पानावर त्यांना वाहिलेली श्रद्धांजली वाचली आणि तेव्हापासून जे डोकं फिरलंय ते अजून जागेवर आलेलं नाही. म्हणून लिहितेय. लांब होईल. ज्यांना वेळ नाही त्यांनी सोडून द्या.

आठ ओळींची पोस्ट. त्यात अकरा विशेषणं, मी मोजली. दूरदर्शी, प्रेरणादायी, मूल्यनिष्ठ, द्रष्ट्या, वगैरे. त्यांनी आयुष्यात नेमकं काय केलं, याचं एकही वाक्य नाही. आणि सोबतचा फोटो दुसऱ्याच बाईंचा! कोणीतरी खाली लिहिल्यावर पाऊण तासाने फोटो बदलला आणि शेवटी एक ओळ चिकटवली: 'तांत्रिक अडचणीमुळे चुकीचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

कसली तांत्रिक अडचण? फोटो आपला आपण चढतो का पानावर? आणि गैरसोय कोणाची झाली? गेलेल्या बाईची?

जे माझ्याबरोबर तिथे होते त्यांना कळेल की ही ओळ मला एवढी का झोंबली. बाकीच्यांसाठी सांगते.

नोकरीचं माझं दुसरं वर्ष. आमचा सगळ्यात मोठा क्लायंट एक कारखाना बंद करत होता. प्रेस नोट मी लिहिली. कामावरून कमी होणाऱ्यांचा आकडा 410 होता, मी टाइप केला 140. दोघांनी तपासली, दोघांच्याही नजरेतून सुटलं. नोट गेली. संध्याकाळी एका वार्ताहराचा फोन आला, कामगार तर वेगळाच आकडा सांगताहेत म्हणाला. मी फाइल उघडली आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

मॅडमनी आधी क्लायंटला फोन लावला. मी समोरच उभी होते. पलीकडचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण मॅडमचा चेहरा दिसत होता. नंतर कळलं, क्लायंटचं म्हणणं एवढंच होतं की राहू दे, लहान आकडा आमच्या सोयीचा आहे, कोणाच्या लक्षात येणार नाही, आलंच तर नंतर बघू. मॅडम म्हणाल्या, "आमच्या नावाने गेलेला कागद आहे. तो खोटा राहणार नाही." आणि फोन ठेवला.

मग त्यांनी वर्तमानपत्रांना फोन करायला घेतले. पहिले तीन स्वतः केले. अंक पानावर लागायची वेळ, डेस्कवरच्या माणसाला बोलायलाही सवड नसते. तरी प्रत्येकाला तेच वाक्य: आकडा 140 नाही, 410 आहे, आम्ही चूक केली. माझं नाव एकदाही घेतलं नाही. 'आमच्या एका ज्युनिअरने' असंसुद्धा म्हणाल्या नाहीत. चौथ्या फोनच्या वेळी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता पुढचे तू कर."

मॅडम सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायच्या. कालच लागलेल्या ट्रेनीलाही. 'तू' त्या रात्री पहिल्यांदा आलं.

मी फोनवर चाचरत म्हणाले, "एक चूक झाली आहे." मॅडमनी हाताने खूण करून थांबवलं. रिसीव्हरवर तळवा ठेवून म्हणाल्या, "झाली नाही. पाऊस होतो. चूक आपण करतो. 'आम्ही चूक केली' म्हण."

अकरा फोन केले मी त्या रात्री. अकरा वेळा तेच वाक्य. पहिल्यांदा घशात अडकलं, शेवटच्या वेळी सरळ आलं. माझ्या पंचवीस वर्षांच्या कामाचं शिक्षण त्या दीड तासात झालं, हे मी आज शपथेवर सांगेन.

आता सांगा, 'तांत्रिक अडचणीमुळे प्रसिद्ध झाले' वाचून माझं काय होणार?

संवादाच्या धंद्यात संस्थापकाची मूल्यं म्हणजे काय, यावर आज सगळीकडे लेख येतील. ते लिहिणारे लोक मला माहीत आहेत. मी त्यांच्याबरोबर पिचमध्ये, म्हणजे नव्या क्लायंटकडे काम मागायच्या बैठकीत, बसलेली आहे. मूल्यं स्लाइडवर असतात आणि रिटेनर, म्हणजे क्लायंटची ठरलेली नियमित फी, मोठा दिसला की स्लाइड पुढे सरकते. आपल्या या व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळातच एक जाहीरनामा आला होता. 1906 मध्ये अमेरिकेत कोळसा खाणकामगारांचा संप चालू होता. मालकांच्या बाजूने काम करणाऱ्या आयव्ही ली नावाच्या माजी पत्रकाराने वर्तमानपत्रांना एक निवेदन पाठवलं: आमचं काम उघड्यावर चालतं, आम्ही अचूक माहिती देऊ, विचाराल ते तपासून सांगू. जनसंपर्काच्या प्रत्येक अभ्यासक्रमात हे शिकवतात. पुढचं तेवढ्या आवाजात शिकवत नाहीत. 1914 मध्ये कोलोरॅडोतल्या लडलोला संपकऱ्यांच्या तंबूंवर हल्ला झाला, बायका आणि मुलं गेली, आणि त्यानंतर खाणीच्या मालकांसाठी याच लीने काढलेल्या पत्रकांत कामगार नेत्यांच्या पगाराचे फुगवलेले, चुकीचे आकडे छापले गेले. आकडेच! माझ्या 140 सारखे आकडे. फरक एवढाच की त्या रात्री त्याच्या टेबलापाशी आमच्या मॅडम नव्हत्या.

हे लीचं प्रकरण मॅडमनीच आम्हाला सांगितलं होतं. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी, जाहीरनामा आणि पत्रकं, दोन्ही एकदमच. त्या म्हणायच्या, निवेदन कोणीही चांगलं लिहितो, ते आपलं कामच आहे. त्यामुळे आपल्या माणसांनी स्वतःबद्दल लिहिलेल्या निवेदनावर सगळ्यात कमी विश्वास ठेवा.

टायलेनॉल या वेदनाशामक गोळीचं उदाहरणही त्या वेगळंच शिकवायच्या. 1982 मध्ये शिकागो परिसरात सायनाइड मिसळलेल्या कॅप्सूलने सात माणसं दगावली आणि कंपनीने 3 कोटी 10 लाख बाटल्या परत बोलावल्या. या धंद्यातला प्रत्येक जण ही गोष्ट आपल्याच बिरादरीचा पराक्रम असल्यासारखी सांगतो. मॅडम विचारायच्या, माल परत बोलावण्याचा निर्णय कोणाचा? मालकाचा. मालकालाच खरं नको असेल तेव्हा तुम्ही काय कराल ते सांगा. वर्गात शांतता. मला उत्तर माहीत होतं, कारण मी ते माझ्या कानाने ऐकलं होतं. "तो खोटा राहणार नाही." सहा शब्द होते का? चार. मी ते चार शब्द त्यांच्या तोंडून ऐकलेत.

त्या क्लायंटने महिन्याभरात अकाउंट काढून घेतलं. आणि हो, त्यामुळे आमच्यातल्या दोघांची नोकरी गेली. त्या दोघांपैकी एक हे वाचत असेल. त्याला मॅडमबद्दल माझ्याइतकं प्रेम नसेल, आणि त्याला काय सांगावं ते मला अजूनही सुचलेलं नाही.

मॅडम प्रेमळ बाई नव्हत्या, हेही कबूल करते. मसुद्यात विशेषण दिसलं की समासात 'कोण म्हणतं?' एवढंच लिहून कागद परत यायचा. 'अग्रगण्य कंपनी', कोण म्हणतं? 'क्रांतिकारी उत्पादन', कोण म्हणतं? एकदा माझ्या दीड पानाच्या नोटवर नऊ वेळा लिहिलं होतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. पगार वेळेवर व्हायचे पण कमी असायचे. कौतुक ऐकायला वर्ष वर्ष वाट पाहावी लागायची. काही माणसं त्यांना कंटाळून गेली, त्यातली काही चांगली होती.

पण काय सांगू, कव्हरेजचा रिपोर्ट नेला की त्या कॉलम सेंटीमीटरकडे बघायच्याच नाहीत. छापून आलेली जागा मोजायची, तिला जाहिरातीच्या दराने गुणायचं आणि 'एवढ्या पैशांची प्रसिद्धी मिळवून दिली' असं क्लायंटला सांगायचं, ही आपल्या धंद्यातली सगळ्यात जुनी फसवणूक. आम्हाला ती करायला बंदी होती. क्लायंट मागायचे, दुसऱ्या एजन्सी द्यायच्या, आम्ही देत नव्हतो आणि त्यापायी पिच हरायचो. 2010 मध्ये बार्सिलोनात या व्यवसायातल्या संघटनांनी एकत्र बसून जाहीर केलं की हा हिशेब म्हणजे संवादाचं मूल्य नव्हे. मॅडमना मी उत्साहाने ती बातमी कळवली. त्यांचं उत्तर आलं, "बरं झालं. आता आपल्या जुन्या क्लायंटना जुने रिपोर्ट कोणी दिले होते का, ते तपासा." असं होतं ते सगळं. जिंकल्यावरसुद्धा स्वतःच्या घरात शोधायचं.

मग त्यांनी एजन्सी विकली.

यावर मी त्यांच्याशी भांडले होते. समोरासमोर, आवाज चढवून. एका मोठ्या जागतिक नेटवर्कने घेतली. मॅडम दोन वर्षं नावापुरत्या राहिल्या आणि बाजूला झाल्या. वर्षभरात रिसेप्शनच्या भिंतीवर पाच मूल्यांचं पोस्टर लागलं. त्यात 'सचोटी' पहिल्या क्रमांकावर होती. आणि समासातलं 'कोण म्हणतं?' बंद झालं. लिओ बर्नेट या जाहिरातवाल्याने 1967 च्या डिसेंबरात आपल्याच माणसांसमोर भाषण केलं होतं. दारावरचं माझं नाव कधी उतरवायचं, ते मी सांगून ठेवतो, म्हणाला. कामापेक्षा पैशाचा विचार जास्त करायला लागाल त्या दिवशी उतरवा. मी मॅडमना म्हटलं होतं, तुम्हीही जाताना असं काही सांगून जा. त्या म्हणाल्या, "नाव उतरवून काय होतं? फोन कोण करतंय ते बघा."

तेव्हा मला ते उडवाउडवीचं उत्तर वाटलं. आजही थोडं वाटतं. विकताना त्यांनी यापेक्षा जास्त विचार करायला हवा होता, ही माझी तक्रार त्यांच्याबरोबर संपलेली नाही.

कारण नावाचं काय होतं ते आपण पाहिलंय. बेल पॉटिंजर ही लंडनची केवढी मोठी एजन्सी! संस्थापकांची आडनावंच तिच्या पाटीवर होती. दक्षिण आफ्रिकेत गुप्ता कुटुंबाच्या कंपनीसाठी वांशिक तेढ वाढवणारी मोहीम चालवली म्हणून 2017 मध्ये तिथल्या जनसंपर्क व्यवसायाच्या संघटनेने तिला काढून टाकलं आणि त्याच महिन्यात कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासनात गेली. संस्थापकांपैकी टिम बेल आधीच्या वर्षी बाहेर पडले होते, ते स्वतःला या सगळ्यातून बाजूला ठेवत राहिले. मला त्या प्रकरणात एवढंच टोचलं होतं की सुरुवातीला 'गैरसमज झाला' याच्याच आसपास सगळे घुटमळत होते. झाला. झाली. झाले. मराठीत काय आणि इंग्रजीत काय, ज्याला हात वर करायचे असतात त्याला असलं क्रियापद बरोबर सापडतं.

इथपर्यंत लिहून उठले होते. पाणी प्यायले, परत येऊन ती श्रद्धांजली पुन्हा वाचली.

आता मला वेगळंच दिसायला लागलंय. ही पोस्ट कोणी लिहिली असेल? डायरेक्टरने लिहिलेली नाही, एवढं नक्की. बावीस-तेवीस वर्षांच्या कोणीतरी लिहिली असणार, सकाळी साडेनऊला 'अर्ध्या तासात टाक' असा निरोप आल्यावर. त्या पोराने किंवा पोरीने मॅडमना कधी पाहिलेलं नाही. जुना फोटो शोधला, पुरस्कार समारंभातल्या दोन बायकांपैकी चुकीची निवडली. माझे दोन आकडे इकडचे तिकडे झाले तसंच. नव्हे, मी इकडचे तिकडे केले तसंच. बघा, अजूनही सुटतं हातून.

आणि आत्ता, मी हे लिहीत असताना, ऑफिसच्या ग्रुपवर त्या मुलाची खरडपट्टी निघत असणार. 'हे कोणी टाकलं?' वरच्याने त्याच्या वरच्याला कळवलं असणार की ज्युनिअरकडून झालं. आणि बाहेरच्या जगासाठी तांत्रिक अडचण. म्हणजे आत नाव एकाचं, बाहेर नाव कोणाचंच नाही. मॅडमनी त्या रात्री बरोबर उलटं केलं होतं. बाहेर स्वतःचं नाव पुढे केलं आणि आत माझ्याशी त्या चुकीबद्दल पुन्हा कधीही एक शब्द बोलल्या नाहीत. वर्षाच्या मूल्यमापनातही नाही. मी घाबरून तो कागद उघडला होता. त्यात लिहिलं होतं, 'फोनवर चांगलं बोलतात.'

मघाशी रागाने जे लिहिलं त्यातलं त्या विशेषणांबद्दलचं मी मागे घेते. कोणी 'कोण म्हणतं?' विचारलंच नसेल तर त्या पोराला कसं कळणार? ज्यांना मॅडमनी विचारलं होतं, त्यातले तिघे आज त्याच एजन्सीत मोठ्या खुर्च्यांवर आहेत. माझा राग तुमच्यावर आहे. तुम्ही मित्र आहात, हे वाचणार आहात, आणि उद्या फोन करून मला समजावणार आहात की हल्ली कामाचा वेग केवढा आहे. वेग आहे, मान्य. त्या रात्रीही पानं लागत होती.

आज त्या ओळीखाली तुमच्यापैकी एकाने स्वतःच्या नावाने 'आम्ही चूक केली' लिहिलं असतं तर मी ही पोस्ट लिहिलीच नसती. अजूनही लिहू शकता.

आणि तुमच्याकडून ते होणार नसेल तर निदान एवढं करा. ज्याने ती पोस्ट टाकली त्याचा नंबर मला इनबॉक्स करा. रागवायला नकोय मला तो. त्याला त्या रात्रीच्या अकरा फोनांबद्दल सांगायचंय. मॅडमचा एक फोटो पण आहे माझ्याकडे, टेबलावर वाकून कोणाच्या तरी मसुद्यावर लिहिताहेत, चेहरा अर्धाच दिसतो. तो त्याला पाठवते.