बटणावर लिहिलंय ‘डाउनलोड’, मिळतं ते भाड्याने

भुयारी मेट्रोत रेंज जाते, माणूस ‘डाउनलोड’ करून ठेवलेली यादी उघडतो आणि निम्मी गाणी राखाडी. दर महिन्याला पैसे कापले जात असूनही. मग शिव्या ॲपला पडतात. ॲपने करारात लिहिलंय तेच केलेलं असतं हो, फसवा आहे तो बटणावरचा शब्द.

सबस्क्रिप्शनमधलं गाणं फोनात उतरतं ते कुलूपबंद. त्याची चावी वेगळी येते आणि तिला मुदत असते. स्पॉटिफायचं घ्या. ३० दिवसांत एकदा तरी ॲप ऑनलाइन आलं पाहिजे. एका खात्यावर ५ उपकरणं, प्रत्येकावर १०,००० गाणी. सहाव्या उपकरणावर डाउनलोड केलंत की ज्याला सगळ्यात जास्त दिवस हात लागलेला नाही, त्यावरची गाणी गुपचूप पुसली जातात. एकच खातं घरभर फिरत असेल तर ‘माझी गाणी कोणी उडवली’ या भांडणाचं मूळ बहुधा इथे सापडेल. आणि कंपन्यांचंच आपसात बिनसलं तर तुमच्या हातात काहीच नाही. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून अशीच गेली. २०२४ मध्ये तर एअरटेलने आपलं विंक म्युझिक हे गाण्यांचं ॲपच गुंडाळलं.

आपल्या हायकोर्टानेही याला भाडंच म्हटलंय. एप्रिल २०१९ मध्ये टिप्स ही गाण्यांची कंपनी विरुद्ध विंक या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने वर्गणीतलं डाउनलोड म्हणजे व्यावसायिक भाडं आणि कायमचं डाउनलोड म्हणजे विक्री, असा फरक केला. म्हणजे आपण भाडेकरू. तेही पागडीवाले नाही, लीव्ह अँड लायसन्सवाले.

विकत घेतलेलं गाणं तरी आपलं असतं का? कुलूप नसेल तर. याहूने ३० सप्टेंबर २००८ ला आपल्या म्युझिक स्टोअरचे परवाना सर्व्हर, म्हणजे चाव्या देणारी यंत्रणा, बंद केले, तेव्हा रोख पैसे मोजून घेतलेली गाणी नव्या कॉम्प्युटरवर वाजेनाशी होणार होती. उलट फ्लिपकार्टचं फ्लाइट हे गाण्यांचं ऑनलाइन दुकान बघा. २०१२ ला सुरू, २०१३ ला बंद. पण तिथे साधी एमपी३ मिळायची, त्यामुळे दुकान गेलं तरी ज्यांनी फाइल उतरवून ठेवली त्यांची गाणी आजही वाजतात. ॲपलने आयट्यून्सच्या गाण्यांवरचं कुलूप २००९ मध्ये काढलं. तुमच्याकडची ॲपलची फाइल कुठल्या जातीची आहे हे कॉम्प्युटरवर आयट्यून्स किंवा म्युझिक ॲपमध्ये दिसतं: गाण्यावर राइट क्लिक, ‘गेट इन्फो’, मग ‘फाइल’. ‘काइंड’समोर ‘पर्चेस्ड एएसी’ असेल तर बिनधास्त. ‘प्रोटेक्टेड’ किंवा ‘ॲपल म्युझिक’ दिसलं तर कुलूप आहे.

नवं ऐकायला वर्गणी उत्तमच. पण जी शंभर-दोनशे गाणी आयुष्यभर लागणार आहेत, ती वर्गणीच्या भरवशावर ठेवू नका. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे सीडींचं दुकान २०१६ ला बंद झालं, तरी तिथून आणलेल्या सीडी अनेक घरांत पडून आहेत. नेहमीच्या ऑडिओ सीडीला कुलूप नसतं, म्हणून तीच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. यूएसबीवर चालणारा सीडी ड्राइव्ह लॅमिंग्टन रोडला मिळेल. गाणी उतरवायला विंडोजवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. सीडी मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल ओरखडा गाण्याच्या रेषेबरोबर धावतो आणि वाचताना तिथेच अडकायला होतं. मग सॉफ्टवेअरमध्ये ‘टेस्ट अँड कॉपी’ निवडा. ट्रॅक दोनदा वाचला जातो, दोन्ही वेळचे सीआरसी (पडताळणीचे) आकडे जुळले की प्रत चोख समजायची. ‘ॲक्युरेटरिप’ या, इतरांनी उतरवलेल्या सीडींशी ताडून बघायच्या ऑनलाइन यादीत नोंद सापडली नाही म्हणून घाबरू नका. मराठी सीडी त्या यादीत क्वचितच असतात.

साठवताना फ्लॅक हा फाइलचा प्रकार निवडा. ७० मिनिटांची सीडी मूळ रूपात सुमारे ७०० एमबी भरते, फ्लॅकमध्ये साधारण ३५० ते ४५०, आणि आवाजातलं काहीही जात नाही. मोबाइलसाठी त्यातूनच २५६ केबीपीएसची एमपी३ प्रत काढा, मिनिटाला जेमतेम २ एमबी. मात्र एमपी३ची पुन्हा एमपी३ करू नका, दर वेळी थोडा आवाज झडतो. ‘एकाच डिस्कवर पन्नास गाणी’वाल्या सीडीत मुळातच एमपी३ असतात, त्या नुसत्या कॉपी करा. गाण्याचं, गायकाचं नाव हातानेच भरावं लागेल. फाइलच्या आतल्या या नोंदीत, म्हणजे टॅगमध्ये, देवनागरी चालतं, पण फाइलचं नाव रोमनमध्ये ठेवा, जुन्या कारस्टिरिओवर देवनागरीचे चौकोन होतात. सगळं दोन वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा, आणि दुसरा शक्यतो दुसऱ्या घरात.

कायद्याचं थोडक्यात: कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी वापरासाठीच्या रास्त वापराला सूट आहे. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडलं तर २०१२ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम ६५-अ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अख्खा अल्बम टाकणं हा खाजगी वापर नव्हे, वरच्या मजल्यावरच्या काकांनी कितीही आग्रह केला तरी. आणि कॉपी झाली म्हणून सीडी रद्दीवाल्याला देऊ नका. गाणं विकत घेतल्याचा पुरावा तीच आहे.