रिझर्व्ह बंद केल्यानं खेळाडू वाढत नाहीत

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या स्थानिक लीगबद्दल एक मत सध्या बरंच फिरतंय: ‘रिझर्व्ह संघ खेळाडू खातात. ते बंद करा, सीनियर संघांना पोरं कमी पडणार नाहीत.’ सीनियर म्हणजे क्लबचा मुख्य संघ, रिझर्व्ह म्हणजे त्याच क्लबचा राखीव, दुसऱ्या फळीचा संघ. मुलाच्या निमित्तानं मेलबर्नमधल्या एका क्लबात मी बरीच वर्षं राबतोय. हे मत मला साफ चुकीचं वाटतं.

आधी साधा हिशेब. मैदानावर 18, बाकावर चार-पाच. रिझर्व्ह बंद केला म्हणून सीनियर संघात एकही जागा वाढत नाही. मग उरलेल्यांनी जायचं कुठे?

‘सरावाला येत राहतील’ म्हणे. शनिवारी खेळायलाच मिळणार नसेल, तर जुलैच्या थंडीत चिखल तुडवायला कोण येईल? आमच्याकडे गुरुवारी सराव संपला की यादी लागते. बरीच पोरं ती खालून वाचतात, रिझर्व्हच्या नावांपासून. गेल्या मोसमात सीनियरमधून वगळलेला एकोणीस वर्षांचा एक मुलगा यादी बघून न बोलता निघून गेला. शनिवारी दुपारी बाराला मात्र बूट बांधून हजर होता. तो सामना खेळला आणि सीनियरमध्ये एक जण आजारी पडला म्हणून त्याच चिखलाच्या मोज्यांनी तिथल्या बाकावर जाऊन बसला. रिझर्व्ह नसता, तर त्या दिवशी तो मैदानावर आलाच नसता.

अठराव्या वर्षी ज्युनियर गट संपतो आणि समोर एकदम तिशीतले दणकट गडी येतात. या वयात खूप मुलं खेळ सोडतात. त्यांना पुरुषांच्या खेळात रुळायला एक-दोन मोसम देणारी जागा म्हणजे रिझर्व्ह.

‘पण रिझर्व्हला माणसंच जमत नाहीत, सामने सोडावे लागतात.’ हे खरं आहे. व्हिक्टोरिया राज्यातल्या मॅली-विमेराच्या गहू पिकवणाऱ्या पट्ट्यात शेतं मोठी झाली, घरं कमी झाली, त्यामुळे पोरंही कमी. त्याचा दोष राखीव संघाला कसा देता येईल? तिथे प्रत्येकी 16 जणांचा सामना खेळा, क्वार्टर (सामन्याचे चार भाग) छोटे करा.

आणखी एक दाखला देतात: देशातली अव्वल व्यावसायिक लीग असलेल्या एएफएलनं 1999 नंतर स्वतःची रिझर्व्ह स्पर्धा बंद केलीच ना? केली. पण दुसऱ्या फळीची गरज संपली नाही. ते खेळाडू तिच्या खालच्या व्हिक्टोरियातल्या लीगमध्ये, व्हीएफएलमध्ये, खेळू लागले. रिचमंड आणि फूट्सक्रे (वेस्टर्न बुलडॉग्स) या मेलबर्नच्या एएफएल क्लबांनी 2014 मध्ये तिथे पुन्हा स्वतःचे संघ उतरवले. 2019 मध्ये मार्लियन पिकेट रिचमंडच्या व्हीएफएल संघाकडून अंतिम सामना जिंकला, त्यात सर्वोत्तम ठरला आणि त्याच आठवड्यात एएफएलच्या अंतिम सामन्यात पदार्पण करून तिथेही विजेता झाला.

रिझर्व्ह संघ खेळाडू खातात, ही तक्रार एका ठिकाणी मात्र मला मान्य आहे. वेस्ट कोस्ट हा पर्थचा एएफएल क्लब 2019 पासून डब्ल्यूएएफएल या पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या राज्य लीगमध्ये स्वतःचा राखीव संघ उतरवतो, आणि जखमींची संख्या वाढली की त्याला बाहेरून खेळाडू आणावे लागतात. तो प्रश्न व्यावसायिक क्लबांनी राज्य लीगशी बसून सोडवावा. त्यासाठी गावच्या क्लबातल्या पोरांचा सामना काढून घेऊ नका.