दक्षिण आफ्रिकेच्या ध्वजातील लाल रंग रक्ताचा नव्हे

दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रध्वजाविषयी एक मजकूर गेली काही वर्षे सतत पुढे पाठवला जातो. हा ध्वज नेल्सन मंडेला यांनी रेखाटला. त्यातील लाल म्हणजे हुतात्म्यांचे रक्त, काळा म्हणजे कृष्णवर्णीय, पांढरा म्हणजे गोरे, हिरवा म्हणजे शेती, सोनेरी म्हणजे खाणी, निळा म्हणजे समुद्र. आणि सहा रंगांचा हा जगातील एकमेव राष्ट्रध्वज, असे त्यात म्हटलेले असते. मजकुरामागची भावना चांगली आहे, पण या ध्वजाचे खरे मोल नेमके त्याच्यामुळे झाकले जाते.

पहिले विधान रेखाटनाचे. हा ध्वज फ्रेडरिक ब्राउनेल या शासकीय चिन्हतज्ज्ञाचा आहे. १९९३ मध्ये जनतेकडून मागवलेली सात हजारांहून अधिक रेखाटने नापसंत झाली, व्यावसायिक कलावंतांचे प्रयत्नही फसले, आणि सर्व वर्णांच्या लोकांना मतदानाचा हक्क देणारी पहिली निवडणूक तोंडावर आल्यावर फेब्रुवारी १९९४ मध्ये हे काम वर्णभेदी राजवट संपवण्याच्या वाटाघाटींतील दोन प्रमुखांकडे, म्हणजे मंडेला यांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या पक्षाचे सिरिल रामाफोसा आणि सरकारपक्षाचे रुल्फ मेयर यांच्याकडे, सोपवण्यात आले. मंडेला यांची संमती घेतली गेली, एवढाच त्यांचा वाटा. फॅक्सवर रंग उमटत नसल्यामुळे आलेले रेखाटन रंगीत पेन्सिलींनी रंगवून मग त्यांना दाखवावे लागले होते.

एकमेवपणाचा दावा तर २०११ मध्येच संपला, कारण त्या वर्षी स्वतंत्र झालेल्या दक्षिण सुदानच्या ध्वजातही सहा रंग आहेत.

रंगांच्या अर्थाचा मुद्दा मात्र सर्वांत महत्त्वाचा आहे. या रंगांना कोणताही सर्वमान्य प्रतीकार्थ जोडू नये, अशीच तेथील शासनाची भूमिका आहे. काळा, हिरवा आणि सोनेरी हे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या झेंड्यातले, तर लाल, पांढरा व निळा हे ब्रिटिश आणि बोअर (तेथे स्थायिक झालेले डच वंशाचे लोक) प्रजासत्ताकांच्या झेंड्यांतले, हे खरे. पण रंग कुठून आला हे सांगणे वेगळे आणि तो अमुक लोकांचा आहे असे ठरवणे वेगळे. ज्या देशात माणसाच्या वर्णावरून त्याचे राहण्याचे ठिकाण आणि शाळासुद्धा ठरत होती, तेथे ध्वजावरही वर्णवार पट्टे वाटून दिले असते, तर प्रत्येकाने आपला पट्टा केवढा हेच मोजले असते. लाल छटासुद्धा तडजोडीची आहे: ब्रिटिशांचा लाल आणि १९२८ च्या जुन्या ध्वजातील नारिंगी यांच्या मधली. अधिकृतपणे अर्थ सांगितला जातो तो मधल्या हिरव्या आकृतीचा. काठीकडून निघालेल्या दोन वाटा एकत्र येऊन पुढे एकच होतात, म्हणजे निरनिराळे घटक मिळून पुढची वाट चालतात.

२७ एप्रिल १९९४ रोजी फडकलेला हा ध्वज तात्पुरता होता. लोकांनी तो आपलासा केला आणि १९९६ च्या राज्यघटनेने तो कायम केला. त्या घटनेच्या पहिल्या परिशिष्टात ध्वजाची लांबी रुंदीच्या दीडपट, हिरवा पट्टा रुंदीच्या एक पंचमांश, पांढऱ्या व सोनेरी किनारी प्रत्येकी एक पंधरांश, इतका काटेकोर तपशील आहे. रंगांच्या अर्थाबद्दल मात्र तेथे एक शब्दही नाही.