फोन सोडून बाकी सगळं

धंद्यासाठी नवीन फोन घ्यायचाय, असं चारचौघात बोलायची सोय नाही. बोललात की संपलं. ज्याला स्वतःच्या मोबाईलमध्ये अलार्म लावता येत नाही तोसुद्धा लगेच "प्रोसेसर कुठला बघतोयस?" असं विचारतो आणि आपण तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतःच देऊन मोकळा होतो.

माझी गरज तशी साधी. दिवसभर फोन येतात, दिवसभर फोन करावे लागतात. माल निघाला का, कुठपर्यंत आला, बिल पाठवलं का, मागच्या बिलाचं काय झालं (हा शेवटचा फोन आपण करायचा असतो आणि समोरच्याने उचलायचा नसतो). दोन नंबर, एक सगळ्या पार्ट्यांकडे असलेला आणि एक घरचा. व्हॉट्सअपवर ऑर्डरी, थोडे ईमेल, अडीनडीला एक्सेल आणि उठताबसता ओटीपी. म्हणजे मला फोन पाहिजे होता तो मुख्यतः फोनवर बोलायला. ही मागणी इतकी चमत्कारिक ठरेल असं वाटलं नव्हतं.

पुतण्याला विचारलं, कारण घरात त्या विषयातला अधिकारी माणूस तोच. "काका, आधी युज केस सांगा." मी म्हटलं, बोलणं. तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग समजूत काढल्यासारखं म्हणाला, "ते तर सगळेच फोन करतात हो, त्याच्यापुढे सांगा." त्याच्यापुढे म्हणजे कॅमेरा, १०८ मेगापिक्सेल. आता हे १०८ प्रकरण मी रात्री जागून वाचून काढलं, तर असे बरेचसे फोन रोजचा फोटो काढताना नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून शेवटी आपल्या हातात १२ मेगापिक्सेलचाच फोटो ठेवतात. अंधारात फोटो बरा यावा म्हणून करतात, चांगलंच आहे, तक्रार नाही. पण मी फोटो काढतो कसले? वाटेत फाटलेल्या खोक्याचे, सही-शिक्का मारलेल्या चलनाचे आणि "हाच पार्ट पाहिजे ना?" असं विचारायला एखाद्या तेलकट स्पेअर पार्टचे. फाटलेल्या खोक्याच्या मागचं बॅकग्राउंड ब्लर झालं म्हणून कुठली पार्टी क्लेम सोडून देणार आहे?

मग रिव्ह्यू बघायला बसलो. एकेक व्हिडिओ वीस वीस मिनिटांचा. त्यात खोका उघडण्यातच पहिली पाच मिनिटं जातात, मग बेंचमार्कचा स्कोअर, मग गेम खेळताना फोन किती तापतो, मग रात्रीचे फोटो, मग सेल्फी, मग स्पीकरवर गाणी. शेवटी कॉलिंग. त्यावर एकच वाक्य, "कॉल क्वालिटी ठीकठाक आहे, काही इश्यू नाही", बाय बाय, लाईक करा. अहो, माझं सगळं पोट त्या एका वाक्यावर आहे! मागे मशीन चालू असताना माझा आवाज समोर जातो का, गाडीत ब्लूटूथ जोडल्यावर समोरच्याला मी विहिरीतून बोलतोय असं वाटतं का, रेंजचा एकच दांडा असेल तर कॉल लागतो का, ह्यातलं कोणी काही सांगत नाही. स्पेसिफिकेशनच्या यादीत स्क्रीनचा उजेड किती निट्सचा, काच कुठल्या पिढीची, चार्जर किती वॅटचा सगळं असतं. आवाज कसा येतो त्याला रकानाच नाही.

आणि ड्युअल सिमची गंमत तर कोणी सांगतच नाही. दोन सिम टाकता येतात म्हणजे दोन्ही एकाच वेळी चालतात असा आपला भोळा समज. बहुतेक फोनमध्ये प्रकार असा असतो की दोन्ही सिम फक्त वाट बघण्यापुरती जागी, एकावर बोलणं सुरू झालं की दुसरं झोपतं. म्हणजे मी घरच्या नंबरवर भाजी कुठली आणायची ते ऐकत असतो आणि तेवढ्यात मोठ्या पार्टीने धंद्याच्या नंबरवर फोन केला तर तिला "आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती" वगैरे ऐकू येतं. पार्टी काय समजणार? हा पैसे बुडवून फोन बंद करून बसलाय. काही फोनांमध्ये एका सिमच्या डेटावरून दुसऱ्याचा कॉल घ्यायची सोय असते, पण त्याला फोन, सेटिंग आणि कंपनीचं नेटवर्क असे तिन्ही ग्रह एका राशीत यावे लागतात.

पार्टनरचं म्हणणं, दोन फोन ठेव, कटकट नको. त्याचे दोन आहेत. त्यातला एक कायम गाडीत राहिलेला असतो आणि दुसऱ्याची बॅटरी गेलेली. मी त्याला सांगितलं की अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून, म्हणजे ५.० व्हर्जनपासून, वर्क प्रोफाइल नावाची सोय आहे, एकाच फोनमध्ये ऑफिसची अॅप वेगळी, घरची वेगळी, सुट्टीच्या दिवशी ऑफिसची बाजू एका बटणाने बंद. "सुट्टी कुठली?" म्हणाला. विषय तिथेच संपला. तसा तो मनाने अजून ब्लॅकबेरीत आहे. ४ जानेवारी २०२२ ला कंपनीने त्या जुन्या फोनांच्या सेवा बंद केल्या तरी त्याचा ड्रॉवरमध्ये आहे, अधूनमधून काढून नुसती बटणं दाबतो.

बॅटरीबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत, ५००० एमएएच पाहिजेच. घ्या. पण बॅटरी मोठी असून फोन ती वाचवतो कशी हे बघा. गुगलने २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ मध्ये डोझ आणलं, फोन नुसता पडून असला की मागची अॅप गप्प करायची. ते ठीक होतं. त्याच्यावर काही फोन कंपन्यांनी आपापली अक्कल चालवली, आणि तुम्ही बराच वेळ उघडलं नाही ते अॅप थेट मारूनच टाकायला लागल्या. सध्याच्या फोनने मला ह्याच पायी छळलंय. टेबलावर शांत पडलेला असतो. मला वाटतं आज मार्केट थंड आहे. सहज उचलून लॉक उघडावं तर टिंग टिंग टिंग टिंग, तासाभराचे मेसेज एकदम अंगावर. त्यात दोन ऑर्डरी, एक "लवकर कळवा", मग नुसतं प्रश्नचिन्ह आणि शेवटी "राहू द्या, दुसरीकडून घेतलं". बॅटरी? ७८ टक्के. कौतुक करावं तेवढं थोडं.

ह्याला उपाय आहे. सेटिंगमध्ये जायचं, अॅप शोधायचं, बॅटरीत जाऊन अनरिस्ट्रिक्टेड करायचं, मग कुठेतरी ऑटोस्टार्ट नावाचं बटण असतं ते चालू करायचं, काही फोनांत शिवाय त्या अॅपला कुलूपही लावायचं. हे प्रत्येक अॅपसाठी वेगळं. आणि अपडेट आल्यावर परत एकदा तपासायचं. मी नवीन फोन बघताना पहिल्यांदा हेच विचारायचं ठरवलं.

बाकी किरकोळ. आयपी६८ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्यात बुडाला तरी चालतो, पण लॅबमधल्या स्वच्छ, स्थिर पाण्यात. आणि पाणी गेलंच तर बहुतेक वेळा वॉरंटीत बसत नाही. म्हणजे बुडवायची हिंमत त्यांची, भिजायची जबाबदारी आपली. आठ जीबी रॅमच्या पुढे "अधिक आठ" लिहितात ते दुसरे आठ स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात, खऱ्या रॅमचा वेग त्यांना नाही. एक गोष्ट मात्र खरंच कामाची, सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार. बँकेचं अॅप फोनमध्ये असेल तर हे आधी बघा. गुगल आपल्या पिक्सेल ८ ह्या फोनपासून सात वर्षं देतं, सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ ला तेवढीच कबूल केलीत. स्वस्तातल्या बऱ्याच फोनांना ह्याच्या निम्मीही मिळत नाहीत, आणि ते खोक्यावर ठळक लिहिलेलं नसतं.

एवढा अभ्यास करून दुकानात गेलो. काउंटरवर ओळीने फोन मांडलेले, सगळ्यांच्या स्क्रीनवर धबधबे आणि रंगीत पोपट. मी एक उचलला आणि म्हटलं, जरा कॉल लावून बघू. सेल्समन गोंधळला. "सर, डेमो पीस आहे, ह्यात सिम नसतं." मग दुसरा? "कुठल्याच नसतं सर." म्हणजे फोनच्या दुकानात पन्नासेक फोन, आणि त्यातल्या एकावरूनही फोन लागत नाही! बाकी पोपटाचा एकेक पंख मोजून घ्या.

तो मला एका भारी फोनचा झूम दाखवायला लागला, तेवढ्यात त्याला स्वतःला फोन आला. त्याने खिशातून एक जुनापुराणा फोन काढला, कोपऱ्यातून काच तडकलेली, कव्हर पिवळं पडलेलं. खांद्यात धरला आणि दोन्ही हातांनी मला झूम दाखवता दाखवता गोडाऊनवाल्याशी बोलायला लागला. दुकानात गाणी लागलेली, बाजूला एसी दुरुस्त करणारा ड्रिल मारतोय, आणि हा हळू आवाजात मॉडेल नंबर सांगतोय. पलीकडच्याने एकदाही "काय?" म्हटलं नाही. पलीकडचं मला इथे ऐकू येत होतं. पाठोपाठ दुसऱ्या सिमवर रिंग आली, तीही घेतली.

मी विचारलं, हा कुठला आहे?

"हा? हा नका घेऊ सर," तो ओशाळून फोन खिशात टाकत म्हणाला, "ह्याला आता अपडेट पण येत नाहीत, आणि कॅमेरा एकदम बोगस आहे."

म्हटलं मग ह्याच कंपनीचं नवीन मॉडेल असेल ना, आवाज असाच येतो का त्याचा?

"नवीन आहे ना सर!" त्याचा चेहरा उजळला. "त्याचा कॅमेरा तर विचारूच नका."

"मी विचारलाच नाही," मी म्हटलं, पण तोवर तो खोका शोधायला आत गेला होता.