‘नाही’ म्हणण्याचा हक्क वाटाड्याला द्या

जून लागला की महाराष्ट्रातून माझ्या फोनवर येणाऱ्या निरोपांचा क्रम ठरलेला असतो. आधी धबधब्यांचे व्हिडिओ, मग एखाद्या दुर्घटनेची बातमी, मग जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश आणि त्यावरून पेटलेला वाद. काही जण म्हणतात, लोकांना समज नाही, सगळं बंद करा. काहींचं म्हणणं, सह्याद्री कुणाच्या मालकीचा नाही, गाईड आणि पावत्या कसल्या लादता? ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हाही हेच दोन सूर होते. या दोन्ही सुरांत, डोंगराखाली राहणारा माणूस मला कुठे दिसत नाही.

मी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात राहतो. राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, चिनली गावाला लागून, कॅन्यन डी शे नावाची लाल वालुकाश्माची खोल घळ आहे. १९३१ पासून तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा आहे, पण जमीन नवाहो या तिथल्या मूलनिवासी लोकांचीच राहिली. तळात आजही त्यांची कुटुंबं आहेत. मका लावतात, मेंढ्या चारतात. कड्यावरून गाडीने फिरत पाहायचं तर कुणी अडवत नाही. तळाशी भटकायचं असेल तर मात्र परवाना लागतो, आणि सोबत अधिकृत नवाहो वाटाड्या.

ऑगस्टअखेर आम्ही तिथे दिवसभराच्या पायी सहलीला गेलो. बायको, दोन मुलं आणि भारतातून आलेली आई. आमची वाटाडी पन्नाशीची बाई होती, घळीतच तिच्या आजीचं शेत. ओढ्यातली ओली वाळू दिसली की आधी काठी रोवून पाहायची, मग आम्हाला पाऊल टाकू द्यायची, कारण तिथे रुतणारी वाळू असते. एका घराच्या कुंपणापाशी तिने कॅमेरे खाली करायला सांगितले, आत माणसं राहतात म्हणून. कातळावर कोरलेली हरणं दाखवली, वर कपारीत हजारेक वर्षांपूर्वी इथे राहणाऱ्या पुएब्लो या मूलनिवासी लोकांची घरं दाखवली. आणि दुपारच्या आधीच म्हणाली, आता परत.

धाकटा हिरमुसला. आमच्या डोक्यावर आकाश निळंभोर होतं. पण तिची नजर लांब, चुस्का डोंगरांवर चढणाऱ्या ढगांकडे होती. घळीतलं पाणी तिथून येतं. इथेही जुलै ते सप्टेंबर पावसाळाच असतो. दुपारी वादळ फुटतं, कोरडा कातळ पाणी धरत नाही आणि मैलोनमैल दूर पडलेला पाऊस लोंढा होऊन अरुंद घळीत शिरतो. आईने एकदाही विचारलं नाही की का परतायचं. डोंगराखाली वाढलेल्या बाईला दुसऱ्या डोंगराखालच्या बाईचं म्हणणं लगेच पटलं.

याच राज्यात, पेज गावाजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ ला अकरा पर्यटक असेच वाहून गेले. घळीपाशी फारसा पाऊस नव्हताच. एका गटाबरोबर बाहेरून आलेला सहलप्रमुख तेवढा वाचला. म्हणजे सोबत कुणीतरी जाणता असणं पुरेसं नव्हतं. घळ मात्र कायमची बंद झाली नाही. नवाहो राष्ट्राने, म्हणजे नवाहोंच्या स्वतःच्या शासनाने, ती आपल्या उद्यानाखाली घेतली आणि वाटाड्याशिवाय प्रवेश बंद केला. लाकडी शिड्या जाऊन खडकात पक्के बसवलेले लोखंडी जिने आले, वर चढायला जाळ्या आल्या, हवामान खात्याचा इशारा देणारा रेडिओ आणि भोंगा आला.

आता सांदण दरी घ्या. अकोले तालुक्यातल्या साम्रदजवळची ही अरुंद नाळ, दोन्ही बाजूंना उभे कातळ, पावसाळ्यात सगळं पाणी तिच्यातूनच घुसतं. साम्रदची मुलं दोर बांधतात, पिशव्या वाहतात, पाहुण्यांना जेवू घालतात. वाटाड्या आपल्याकडे आहेच, त्याच्या हातात अधिकार नाही. मुंबई-पुण्याहून भरलेली बस आली आहे, सर्वांनी पैसे भरले आहेत, आयोजकाचं वेळापत्रक ठरलेलं आहे. अशा वेळी गावातला विशीतला मुलगा म्हणाला, आज नको, तर त्याचं कोण ऐकणार? आणि म्हणालाच, तर त्याची त्या दिवसाची मजुरी बुडणार. २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने आयोजकांच्या नोंदणीची सोय केली, ते बरंच झालं. पण घाटावर कुठे ढग दाटले की दरीत किती वेळात पाणी येतं, हे नोंदणीच्या कागदाला ठाऊक नसतं.

नवाहोंची व्यवस्था जशीच्या तशी उचलता येणार नाही, हेही खरं. हा हक्क त्यांना कुणी उदारपणे दिलेला नाही. १८६४ मध्ये किट कार्सन या अमेरिकी सेनाधिकाऱ्याच्या फौजेने याच घळीत शिरून त्यांना उपाशी मारत शरण आणलं, त्यांच्या पीचच्या बागा तोडल्या आणि शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेलं. १८६८ च्या तहाने ते परतले. आजही त्यांच्या कित्येक घरांत नळाचं पाणी नाही. पर्यटनाने सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही.

पण आपल्याकडेही पाया आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगलावर सामूहिक हक्क दिले आणि गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये ते मिळवून दाखवले. सांदण अभयारण्यात येते, त्यामुळे वनखातं मध्ये असणारच. त्याने ग्रामसभेबरोबर बसावं.

एकटं भटकण्याची आपली परंपरा मला प्रिय आहे. नकाशा घेऊन, धनगरवाड्यात वाट विचारत चालायला मी तिच्यातच शिकलो. म्हणून प्रत्येक गडावर सक्ती नको. सक्ती फक्त घळी, नाळा आणि धबधब्यांपुरती असावी, जिथे पाणी न दिसणाऱ्या जागेहून येतं. तिथे दार कधी उघडायचं हे गावाने ठरवावं आणि शुल्क गावाच्या खात्यात जमा व्हावं. वाटाड्याची मजुरी आयोजकाने आगाऊ भरावी, आणि त्याने सहल दरीच्या तोंडाशी थांबवली तरी ती पूर्ण मिळावी.