तळहाताच्या रेषा उन्हाने काळ्या पडत नाहीत

गोव्यातल्या आपल्या मराठी व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतोय: ‘अंग काळवंडणं, थकवा, सारखं खारट खावंसं वाटणं हा सगळा उन्हाचा परिणाम. थायरॉइड आणि साखर नॉर्मल म्हणजे हार्मोन ठीक. रोज शहाळ्याचं पाणी प्या, स्टेरॉइडच्या गोळ्या बंद करा.’ यातले शेवटचे दोन सल्ले जिवावर बेतू शकतात.

आधी रंगाचं बघू. उन्हाने चेहरा, मान, हात रापतात. पण तळहाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण, कपड्यांखालची कातडी काळी पडू लागली तर? मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्या की त्यांना चालना द्यायला मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे हार्मोन भरमसाट सोडते, आणि तेच त्वचेतल्या रंगपेशींनाही चेतवतं. थॉमस ॲडिसन या इंग्रज डॉक्टरांनी १८५५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला ॲडिसनचा आजार म्हणतात. आपल्या देशात क्षयरोग हे त्याचं एक महत्त्वाचं कारण आहे, हे उन्हावर बोट ठेवताना कुणी सांगत नाही.

खारट खाण्याची ओढही इथलीच. याच ग्रंथींचं, शरीरात मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉन हे हार्मोन कमी पडल्याने मीठ लघवीवाटे निघून जातं, मग माणूस पेजेबरोबर लोणच्यावर लोणचं मागतो. सोबत वजन घटतं, मळमळतं, उठताना भोवळ येते. रक्तात पोटॅशियम मात्र साठत जातं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं, म्हणजे या रोग्याला नको तेच जास्त. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

थायरॉइड आणि साखरेचे रिपोर्ट कॉर्टिसॉल या अधिवृक्क ग्रंथींच्या दुसऱ्या हार्मोनबद्दल काही सांगत नाहीत. त्यासाठी सकाळी आठच्या सुमारास वेगळी रक्तचाचणी करतात. बाळंतपणात खूप रक्त गेलं, दूध आलं नाही, पाळी परतली नाही, अशा बाईची पिट्युटरी निकामी झालेली असू शकते, आणि मग तिचंही कॉर्टिसॉल कमी पडू शकतं. तिचा टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रिपोर्टमधला नेहमीचा आकडा, नॉर्मल दिसू शकतो, आणि रंग काळा न पडता फिकटतो.

राहिल्या गोळ्या. या आजारात हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड शरीर जे बनवू शकत नाही तेवढंच भरून काढतं. सहसा दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम. ते अचानक थांबवलं तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. दमा किंवा सांधेदुखीसाठी बरेच दिवस स्टेरॉइड घेणाऱ्यांनाही हा धोका आहे. उलट तापात डोस वाढवावा लागतो. किती, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर सकाळची वाट न पाहता जवळचं इस्पितळ किंवा थेट बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज गाठा, आणि दारातच सांगा की रोगी स्टेरॉइडवर आहे, इंजेक्शन लागेल.