‘आपण’ म्हणजे नक्की कोण?

आठवडाभर आमच्या भावंडांच्या ग्रुपवर एकच वाद चाललाय, फुटबॉलमध्ये मँचेस्टर सिटी मोठा का मँचेस्टर युनायटेड. एक पुतण्या म्हणतो गेल्या दहा-बारा वर्षांतल्या ट्रॉफ्या मोजा, विषय संपला. दुसरा म्हणतो आपण २० वेळा लीग जिंकलोय, जगभर फॅन आहेत, सिटीला २००८ च्या आधी कुत्रं विचारत नव्हतं. मी गप्प वाचत होतो, कारण इथून, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅममधून, काही बोललं की "काका, तुम्ही तिकडे राहता म्हणून" हे ऐकावं लागतं. पण परवा धाकट्याने टाकलं की आता वेल्समधला व्रेक्समसुद्धा काकांच्या नॉट्स काउंटीपेक्षा (माझ्या गावचा क्लब) मोठा क्लब झालाय, इन्स्टावर जाऊन बघा. तेव्हा मात्र राहवलं नाही.

आधी ते कुत्रं विचारत नव्हतं वालं घेऊ. २६ मे १९९९ ला युनायटेडने बार्सिलोनात युरोपियन कप उचलला, तो सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतर चारच दिवसांनी सिटी वेम्बलीवर होती, तिसऱ्या डिव्हिजनमधून वर यायची प्ले-ऑफ फायनल (वर चढायची उरलेली एक जागा ठरवणारी मॅच), समोर जिलिंगहॅम. नव्वदाव्या मिनिटाला सिटी ०-२ ने मागे. मग हॉरलॉकचा एक, डिकॉव्हचा एक, आणि पेनल्टीवर सुटले. हे थरारक आहे म्हणून सांगत नाहीये. त्या सीझनला, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, मेन रोड या सिटीच्या तेव्हाच्या मैदानावर दर मॅचला सरासरी २८ हजारांच्या आसपास माणसं येत होती. अबू धाबीचा पैसा यायला अजून नऊ वर्षं होती आणि तो येईल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. क्लब मोठा होता तो तेव्हा. ट्रॉफ्या नंतर आल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे, जिंकायला काही उरलेलं नसतं तेव्हा किती जण येतात ते मोजा. सुंदरलँड तिसऱ्या पायरीवर घसरला होता, २६ डिसेंबर २०१८ ला ब्रॅडफर्डविरुद्ध त्यांच्या स्टेडियम ऑफ लाइटमध्ये ४६,०३९ लोक होते. बॉक्सिंग डेला, म्हणजे ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, ट्रेन बंद, हात खिशातून बाहेर काढवत नाहीत अशी थंडी. तुम्ही लोक रात्री जागून मॅच बघता त्याला मी नावं ठेवत नाही, पण रिमोटवर चॅनल बदलता येतो, स्टेडियममधल्या टेरेसवरून बदलता येत नाही.

आणि कपाटातल्या ट्रॉफ्यांनी क्लब वाचत नाही. बरी नावाच्या क्लबने १९०३ ची एफए कप फायनल ६-० ने जिंकली होती, एवढ्या फरकाने जिंकायचा तो विक्रम सिटीने २०१९ च्या मे महिन्यात गाठला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बरीला पैशांच्या गोंधळात लीगमधून काढून टाकलं. ती बातमी ग्रुपवर कोणीच टाकली नव्हती.

आता व्रेक्सम. धाकट्या, व्रेक्सम मोठा क्लब आहे हे मला मान्यच आहे, पण तू सांगतोस त्या कारणाने नाही. हॉलिवूडच्या दोन नटांनी २०२१ मध्ये तो विकत घेतला, त्याआधी दहा वर्षं तो क्लब समर्थकांच्या ट्रस्टने चालवला, लीगच्या बाहेर (वरच्या चार डिव्हिजनच्याही खाली), कॅमेऱ्याच्या बाहेर. ती माणसं नसती तर विकत घ्यायला क्लबच उरला नसता. आणि २०२२-२३ ला त्यांच्या बरोबरीने पळत कोण होतं? आम्हीच. त्यांचे १११ पॉइंट, आमचे १०७, आणि १०७ पॉइंट मिळवूनही प्ले-ऑफ खेळावा लागला. एप्रिलमधली तिथली मॅच, ३-२ ने ते पुढे, शेवटच्या क्षणी आम्हाला पेनल्टी मिळाली आणि त्यांचा गोलकीपर बेन फॉस्टरने अडवली. अजून डोळे मिटले की तो हात दिसतो.

नदीपलीकडचे नॉटिंगहॅम फॉरेस्ट मोठे आहेत, दोन युरोपियन कप आहेत, आणि तिसऱ्या डिव्हिजनमध्ये होते तेव्हाही त्यांच्याकडे आमच्या कितीतरी पट माणसं यायची, म्हणजे माझ्याच मापाने ते मोठे. ते मी नाकारत नाही. पण काउंटी १८६२ चा आहे. मी सप्टेंबर २०११ मध्ये इथे आलो, त्याच महिन्यात इटलीच्या युव्हेंटसने त्यांच्या नव्या स्टेडियमच्या उद्घाटनाला काउंटीला बोलावलं, कारण १९०३ पासून त्यांच्या अंगावर जे काळे-पांढरे पट्टे आहेत ते मूळ इथले. ऑफिसात ते ऐकून मी पुढच्या शनिवारी काउंटीच्या मैदानावर, मेडो लेनला, गेलो, तेव्हापासून जातोय.

हे सगळं टाइप करून झालं आणि पाठवायच्या आधी पुतण्याची ती ओळ परत वाचली, "आपण २० वेळा लीग जिंकलोय." आपण. मला राग आला होता तो खरं तर त्या शब्दाचा, कारण २०१९ च्या मे महिन्यात मी स्विंडनच्या मैदानात, पाहुण्या समर्थकांच्या अवे एंडमध्ये उभा होतो, काउंटी हरून लीगमधून बाहेर गेला, मी दादाला फोन केला आणि म्हणालो, आपण खाली गेलो रे. पलीकडून दादा म्हणाला, "आपण म्हणजे कोण?"

मला उत्तर देता आलं नाही. आणि एक गोष्ट मी मेडो लेनला कोणालाच सांगितलेली नाही. १९९९ ची ती बार्सिलोनाची रात्र, शेरिंगहॅम आणि सोल्शारचे शेवटच्या मिनिटांतले गोल, मी पंधरा वर्षांचा होतो आणि घर झोपलेलं असताना तोंडावर उशी दाबून ओरडलो होतो. माझा पहिला क्लब युनायटेडच आहे. इथे आल्यावर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर गेलो, सगळे फोटो काढत होते, मीही काढले, परत आलो. माझ्या मापाने तिथे मी कोणीच नाही. मग तो पुतण्याही कोणी नाही, आणि उशीत ओरडणारा तो मुलगाही नाही, आणि हे मला खरंच म्हणायचंय का ते मला आता सांगता येत नाही. युनायटेड उद्या तिसऱ्या डिव्हिजनला गेला तर पुतण्या मध्यरात्री उठेल. तो उठेल असं मला वाटतं.

मेडो लेनच्या जिमी सिरेल स्टँडमध्ये माझ्या शेजारी एक आजोबा बसतात. छोट्या वहीत पेन्सिलने गोल करणाऱ्याचं नाव आणि मिनिट लिहितात, त्यासाठी उजव्या हातमोज्याची दोन बोटं कापलेली आहेत. स्विंडननंतर त्यांनी खाली एक रेघ मारली आणि "सी यू इन ऑगस्ट" म्हणाले. ते कायम "वी" म्हणतात, वी वेअर पुअर, वी नीड अ लेफ्ट बॅक. इंग्लिशमध्ये कळत नाही ते आपण म्हणतायत का आम्ही. मी इतकी वर्षं आपण ऐकतोय.

गेल्या हिवाळ्यात त्यांची बोटं गारठून पेन्सिल धरवेना. त्यांनी वही माझ्याकडे दिली. मी नाव लिहिलं, मिनिट लिहिलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, एक अक्षर खोडून दुरुस्त करायला लावलं, आणि वही परत खिशात टाकली.